खाडीकडची पायरी

१

घाटकोपरच्या भटवाडीत लवू परबाच्या घरी त्या वर्षी पहिल्यांदा सहलीचा विषय निघाला. तोवर त्या घराला सुट्टी म्हणजे गाव, एवढंच ठाऊक होतं. मे महिना लागला की बोचकी बांधायची, एसटीत बसायचं, मालवणच्या अलीकडे उतरायचं आणि फणस खाऊन परतायचं. पण लवू ज्या भांडुपच्या कारखान्यात फिटर होता, तिथे त्या साली मोठी यंत्रं दुरुस्तीला निघाली आणि अख्ख्या खात्याला रजा मिळाली ती ऐन जुलैत. जुलैत गावी जायचं म्हणजे गुडघाभर चिखलात लावणीला उभं राहायचं. लवू म्हणाला, नकोच ते. आपण तिघं कुठेतरी नुसतं राहायला जाऊ. जिथे आपलं कोणी नाही, तिथे.

तिघं म्हणजे लवू, त्याची बायको सुगंधा आणि लवूचा बाप काशीराम.

काशीरामाचा उभा जन्म परळच्या एका गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर, गेला होता. संप झाला, लांबला, विरला. गिरणीचं दार मात्र पुन्हा उघडलं नाही. सुरुवातीला म्हातारा सभांना जायचा, घसा बसेपर्यंत भांडायचा. मग एक दिवस घरी आला, आतल्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला, आणि बोलायचा थांबला. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि अंगात काही नाही म्हणून सांगितलं. जेवण पुढे ठेवलं तर जेवायचा, आंघोळीला नेलं तर करायचा. बाकी वेळ भिंत.

सुगंधाने त्याला बोलताना पाहिलं होतं, म्हणून तिला ते जास्त लागायचं. ती लग्न होऊन आली तेव्हा हा माणूस सगळ्या चाळीला हसवत होता. नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात त्याने मालवणी शिकवायला घेतलं होतं आणि मुद्दाम चुकीचे शब्द सांगून तिची फजिती केली होती. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे सासर म्हणजे तिला हा म्हाताराच. आता ती सकाळी बालवाडीत शिकवायची, दुपारी घरी यायची, त्याला वाढायची आणि त्याच्या पाठीशी बोलायची. पाठ ऐकते की नाही, कळायला मार्ग नव्हता.

मनोरीचं सुचवलं शेजारच्या जयाने. जया मूळची नांदेडकडची, टेलिफोनच्या ऑफिसात कामाला होती. तिच्या ऑफिसातल्या एका बाईच्या माहेरचं घर मनोरीला खाडीकाठी रिकामं असायचं. उन्हाळ्यात तिथे पाहुण्यांची रीघ, पावसात कोणी फिरकत नाही. आठवडाभर राहा म्हणाली, घर तेवढंच झाडलं जाईल. लवूला ती कल्पना इतकी आवडली की तो त्याच संध्याकाळी पावसाळी बूट बघून आला.

२

मग रोज संध्याकाळी बेत सुरू झाला. लवू कामावरून आला की हातपाय धुऊन बाहेरच्या खोलीत बसायचा, रेडिओवर हवामान ऐकायचा आणि त्यावर आपलं मत द्यायचा. जुलैत चार दिवस तरी उघडीप मिळतेच, असं त्याचं म्हणणं. बसने मालाड, तिथून दुसऱ्या बसने मार्वे, मग तरीतून पलीकडे. तर म्हणजे खाडी ओलांडणारी होडी. पावसातही चालते, फार वारा सुटला तर थांबते. घासलेट न्यावं का, सुकी लाकडं मिळतील का, गाद्यांना बुरशी असली तर काय करायचं, यावर दोघं नवराबायको तासन्‌तास बोलायची. इतकं तर ती लग्नाच्या वेळीही बोलली नव्हती. दार उघडं असायचं, आणि आत काशीराम भिंतीकडे तोंड करून बसलेला असायचा.

जूनच्या शेवटी एका दुपारी सुगंधा खाटेवरची चादर झटकायला गेली तर वाळू उडाली. राखाडी, बारीक, ओलसर. चादरीच्या पायथ्याशी होती आणि म्हाताऱ्याच्या तळव्यांनाही चिकटलेली होती.

तिला पहिल्यांदा बालवाडीच आठवली. मुलं मैदानात खेळतात, आपल्याच पदरातून आली असेल. पण बालवाडीच्या अंगणातली माती तांबडी होती. मग वाटलं, खाली बांधकाम चाललंय, तिथली. म्हणजे बाबा खाली उतरले? ती मनातून थोडी सुखावलीच. उठून चार पावलं चालले असतील तर बरंच की. तिने ओल्या फडक्याने त्यांचे तळवे पुसले. पाय गार होते, खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तसे, बोटांच्या टोकांना सुरकुतलेले.

दुसऱ्या दिवशीही वाळू होती. तिसऱ्या दिवशी लेंग्याच्या काठावर एक पांढरी वेडीवाकडी रेघ होती, खारं पाणी सुकल्यावर राहते तशी. तिने ती जिभेला लावून पाहिली आणि स्वतःच्याच त्या करण्याची तिला लाज वाटली. पण रेघ खारट होती.

जिन्याच्या तोंडाशी शेवंतीमावशी राहायच्या. त्या दिवसभर उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मांजराचीही त्यांना खबर असायची. सुगंधाने सहज विचारल्यासारखं विचारलं. शेवंतीमावशी म्हणाल्या, काशीरामभाऊ या जिन्याने उतरलेले मी शेवटचे पाहिले ते गेल्या गणपतीत, तेही लवूच्या खांद्यावर हात ठेवून.

३

त्या आठवड्यात काशीराम बोलला.

लवू नेहमीसारखा बेत रंगवत होता. घर खाडीच्या अगदी लगत आहे, जया सांगते पडवीतून पाणी दिसतं, बाबांना तिथे खुर्ची टाकून देऊ. सुगंधा भाकऱ्या थापत होती. तेव्हा आतून आवाज आला, घोगरा, गंजलेला.

"सगळ्यात खालची पायरी निसरडी आसा. थंय जपान पाय ठेवा."

लवूच्या हातातला पेला तसाच राहिला. मग तो उठून आत गेला आणि बापाच्या पायाशी बसून रडला. म्हातारा भिंतीकडेच बघत होता. पुढे एक शब्द बोलला नाही, पण लवूला तेवढं पुरे होतं. त्या संध्याकाळी त्याने अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. लोक येऊन दारातून डोकावून गेले, आणि सुगंधाने सगळ्यांना चहा केला. तीही खूश होती. खरोखरच होती. फक्त भांडी घासताना तिच्या मनात आलं, की पायऱ्यांचं तर आपल्यापैकी कोणीच बोललं नव्हतं.

जयाने सांगितलं असेल. तिने दुसऱ्या दिवशी जयाला विचारलं. जया म्हणाली, अगं मी कुठे पाहिलंय ते घर? खाडीकाठी आहे, पडवीतून पाणी दिसतं, एवढंच ऑफिसातल्या त्या बाईने सांगितलेलं. पण खाडीकाठी घर म्हटलं की पायऱ्या असणारच, त्यात काय. सुगंधाला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. कोकणातला माणूस, त्याला पाण्याकाठचं घर डोळ्यांपुढे आणायला कितीसा वेळ.

तरी बालवाडीत जाताना तिने पहिल्यांदाच बाहेरून कडी घातली. घातली आणि जिन्यावरून दोनदा मागे वळून पाहिलं. आपण माणसाला कोंडतोय, हे तिला दिवसभर टोचत राहिलं. परतली तेव्हा कडी तशीच होती. आत काशीराम तसाच बसला होता, पाठमोरा. सदरा पाठीला चिकटला होता. डोक्यावरचे विरळ केस कपाळावर ओघळले होते आणि त्यातून पाणी गळत होतं.

बाहेर त्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. तिने छत तपासलं, भिंत चाचपली, माठ पाहिला. मग टॉवेल आणून त्यांचं डोकं पुसलं. शेवटी ती म्हणाली, बाबा, भिजलात कसे? उत्तर आलं नाही. पण त्यांचे ओठ हलले, आणि ते हलण्याआधी फार वेळ गेला, एखाद्याला लांबून हाक मारावी आणि त्याने तिथून बघावं तसा.

४

आतल्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती पलीकडच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. तिथून कधी वारा आला नव्हता. आता दुपारच्या वेळी त्या खोलीत एक आवाज असायचा. पाणी दगडाला लागतं आणि मागे सरतं, तसा. सुगंधा बाहेरच्या खोलीत शिवण घेऊन बसायची आणि तो ऐकायची. नळाचा असेल म्हणून तिने नळाला फडकं बांधलं. शेजारी कोणी कपडे आपटत असेल म्हणून ती मोरीत जाऊन उभी राहिली. तिथे आवाज नव्हता. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर आलं की होता.

आणि एक दिवस खाट रिकामी होती.

ती चहा घेऊन आत गेली तेव्हाची गोष्ट. खाट, चादरीवरचा खळगा, भिंत, आणि तो पाण्याचा आवाज, अगदी जवळ. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मग काशीराम खाटेवर होता, पाठमोरा, आणि धापा टाकत होता, चढण चढून आल्यासारखा. कप तिच्या हातातून पडला नाही. तिने तो नीट खाली ठेवला, बाहेर आली, आणि भिंतीला टेकून बसली. डोळे दिपले असतील, उन्हातून आत गेलं की होतं असं, हे तिने मनाशी बऱ्याचदा म्हटलं.

त्या संध्याकाळी तिने लवूला सगळं सांगितलं. वाळू, मीठ, ओला सदरा, सगळं. आणि म्हणाली, आपण जायला नको. तिथे खाडी आहे. त्यांना ती कशाला ओढते आहे, मला माहीत नाही. आपण त्यांना आपल्या हाताने नेऊन पाण्याच्या काठावर बसवणार आहोत.

लवूने तिला वेड्यात काढलं नाही. तो बराच वेळ नखाने जमीन खरवडत बसला. मग म्हणाला, "इथे काय आहे गं त्यांच्यासाठी? भिंतच ना? तिकडे निदान पाणी तरी आहे. मला माझा बाप परत पाहिजे, सुगंधा. मिळाला तर तिथेच मिळेल."

तिलाही तो परत पाहिजेच होता.

५

निघायच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. मार्व्याच्या धक्क्यावर तरीत चढताना काशीरामाचा पाय फळीला अडखळला आणि उजव्या अंगठ्याचं नख उचकटलं. तो हूं की चूं बोलला नाही. सुगंधाने आपल्या रुमालाची पट्टी फाडून अंगठा बांधला. तो पाण्याकडे बघतसुद्धा नव्हता. त्याला घरी भिंतीपुढे बसवावं तसा फळीवर बसला होता, खांदे पाडून. उलट एवढ्या दिवसांत तो इतका रिकामा कधी वाटला नव्हता. तिला वाटलं, लवूची आशा खोटी ठरणार, आणि आपली भीतीही. त्यात तिला बरंच वाटलं.

घर कौलारू होतं, भिंती चुन्याच्या, पुढे पडवी. पडवीतून दगडी पायऱ्या उतरत खाडीत गेल्या होत्या आणि खालची पायरी पाण्याखाली जात-येत होती. घर सांभाळणारी रेजिनाबाई शेजारीच राहायची. साठीची, काटक, कमरेला पदर खोचलेली. लवू सामान घेऊन आत गेला तेव्हा ती काशीरामाकडे बघून ओळखीचं हसली.

सुगंधाला म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात. मी म्हणायचे, याला घरचं कोणी आहे की नाही? रोज दुपारी येऊन पायरीवर बसतो. पावसात पण बसतो. मला वाटलं, गोराईकडचा असेल कोणी."

सुगंधा म्हणाली, ते दुसरे कोणी असतील, आम्ही आजच येतोय. रेजिनाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याच्या पडलेल्या खांद्यांकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"असेल," ती म्हणाली. "पण तो गाणं म्हणायचा. चांगला आवाज आहे."

हे सुगंधाने लवूला सांगितलं नाही.

६

पहिले दिवस पाऊस एवढा लागला की पलीकडचा काठ दिसेनासा झाला. लवू मजेत होता. चूल फुंकायचा, भिजून यायचा, सुकट भाजायचा, कौलांतून गळणाऱ्या ठिकाणी भांडी मांडायचा. काशीरामाला त्याने पडवीत खुर्ची टाकून दिली. म्हातारा तिथे बसला, पण पडवीच्या भिंतीकडे तोंड करून. लवूने खुर्ची फिरवली की थोड्या वेळाने ती पुन्हा भिंतीकडे झालेली असायची. लवूच्या चेहऱ्यावर हळूहळू काय उतरत होतं ते सुगंधाला दिसायचं आणि ती नजर दुसरीकडे न्यायची. पायरीवर कोणी नव्हतं. ती दुपारी मुद्दाम बघायची. कोणीच नव्हतं.

मग एका दुपारी पाऊस थांबला. एकदम, कोणी हात वर केल्यासारखा. लवू गावात मासे मिळतात का बघायला गेला. सुगंधा आत तांदूळ धूत होती, तेव्हा तिला गाणं ऐकू आलं. भजनातली एक ओळ, पुन्हा पुन्हा, मौजेत म्हटलेली.

ती पडवीत आली. खुर्ची रिकामी होती.

खालून दुसऱ्या पायरीवर दोघं बसले होते, पाठमोरे, शेजारी शेजारी. दोघांचे सदरे एकच. दोघांचा डावा खांदा सारखाच उतरलेला, बरीच वर्षं साच्यावर वाकल्याने आलेला. एकाचं डोकं गाण्यावर डोलत होतं. दुसरा स्थिर होता. डोलणाऱ्याने दुसऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, आपण आजाऱ्याच्या ठेवतो तसा.

हाक मारावी तर कोणाला? दोघांनीही वळून पाहिलं तर? ती पडवीचा खांब धरून उभी राहिली आणि पाणी दगडाला लागायचा आवाज ऐकत राहिली. तोच आवाज. घाटकोपरच्या खोलीतला.

मग दोघांतला एक उठला. लेंगा झटकला, आणि पायऱ्या चढू लागला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. तिची नजर त्याच्या पायांवर होती. अनवाणी, ओले, वाळू लागलेले पाय. उजव्या अंगठ्याला पट्टी नव्हती. नख नीट होतं, जखमेचा मागमूस नव्हता.

तो वर येऊन तिच्यासमोर थांबला. तिला वाटलं, आता पळावं. पळण्याइतका वेळ होता.

"काय गो," तो म्हणाला. "भूत बघलंस काय? चाय ठेव. आणि लवू खंय गेलो?"

आवाज घोगरा नव्हता. डोळे तिच्याकडे बघत होते, तिलाच बघत होते, आणि कडेला त्या जुन्या फजितीचं हसू होतं. तिने तो चेहरा कितीतरी दिवसांत समोरून पाहिला नव्हता. ती रडायला लागली, आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात उबदार होता.

पायरीकडे तिने बघितलं नाही. चहा ठेवायला आत गेली.

७

लवू मासे घेऊन आला तो दारातच मटकन बसला. बाप चुलीपाशी बसून सुनेला, कढी कशी फुटते ते सांगत होता. त्या संध्याकाळी त्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं त्या भिंतींनी कधी ऐकलं नसेल. काशीरामाला सगळं ठाऊक होतं: गिरणी, संप, भिंत. तो म्हणाला, एवढे दिवस कानात साचेच चालू होते, बंद झालेले साचे, त्या आवाजात कोणाचं काही ऐकू यायचं नाही. आता बंद झाले. पुढल्या वर्षी गोव्याला जाऊ म्हणाला, आणि लवूने तिथल्या तिथे कधी, कसं, कोणत्या बोटीने ते ठरवायला घेतलं. त्याने बापाच्या पायांकडे पाहिलं नाही. सुखात माणूस पायांकडे कशाला बघेल.

सुगंधाने मात्र मनाशी खूप वाद घातला. पट्टी पाण्यात सुटून गेली असेल. नख वाटलं तेवढं उचकटलं नसेल. खाडीचं पाणी जखमेला चांगलं, असं म्हणतात. एकेक कारण ती उचलून बघायची आणि खाली ठेवायची. मग बाहेरून सासऱ्याचं हसणं ऐकू यायचं, आणि तिला वाटायचं, मला कारण नकोच आहे. हा काशीराम आहे. दुसराही काशीरामच होता. ज्याला येववलं तो आला.

निघताना पुन्हा भुरभुर सुरू झाली. बापलेक पुढे तरीच्या धक्क्याकडे गेले, म्हातारा तरुणासारखा सामान ओढत. सुगंधा किल्ली द्यायला रेजिनाबाईकडे वळली. रेजिनाबाईने किल्ली कनवटीला लावली आणि हळूच विचारलं,

"आणि त्याचं काय? तो पट्टीवाला अजून बसलाय."

सुगंधाने खाडीकडे मान वळवली नाही. मग शाळेत मूल सोडताना आई सांगते तशी, एकेक आठवून सांगू लागली. ते मागणार नाहीत. भूक लागली तरी मागत नाहीत. काही विचारायचं नाही, ताट नुसतं जवळ ठेवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. पाऊस फार वाढला तर हाताला धरून पडवीत आणायचं, धरलं की येतात. पट्टी दोन दिवसांनी बदलावी.

"आणि कधी कधी बोला त्यांच्याशी," ती म्हणाली. "पाठीशी बोललं तरी चालतं."

रेजिनाबाईने मान हलवली. धक्क्यावरून काशीराम हाक मारत होता, तर सुटते म्हणून. सुगंधा पावसातून पळत सुटली. त्याने होडीतून हात पुढे केला, आणि तिने तो धरला.